बाईंनी न ओवाळलेला दादा

रोहन, मीरा,

तुमच्या तिकडच्या सिनेमांत टोळीच्या म्होरक्याला काय म्हणतात ते परवा फोनवर सांगितलंत आणि आपल्याकडचा शब्द विचारलात. आपल्याकडे 'दादा' म्हणतात. थोरल्या भावाला म्हणतो तोच शब्द. तो तिथे कसा पोचला हे आमच्या इंग्रजीच्या बाईंनी मला दाखवलं, आणि ते सांगायला आता मीच उरले आहे.

बाई कुणालाही उगाच नातं चिकटवत नसत. वाण्याला मामा नाही, शेजारणीला वहिनी नाही. सगळ्यांना आडनावानं हाक. डोंबिवलीतल्या आमच्याच चाळीत त्या राहत, आणि चाळीला त्या शिष्ट वाटत. "वाटू दे," त्या म्हणत, "मला कुठं निवडून यायचंय?"

दारूबंदीचे दिवस होते. खाडीकडच्या हातभट्टीची दारू एक टोळी गावात आणायची. तिचा म्होरक्या दर भाऊबीजेला आमच्या अंगणात पाट मांडून बसे. बायका एकामागून एक ओवाळत, माझी आईसुद्धा. तो तबकात खण टाकी. एकदा ओवाळलं की झाला भाऊ. मग भावाविरुद्ध पोलिसांत कोण जाणार? बाई मला म्हणाल्या, "भीती वाटते म्हणायची लाज वाटते ना, म्हणून दादा म्हणायचं."

त्या वर्षी दुधाच्या कॅनमधून दारू न्यायला आमच्या गवळ्यानं नकार दिला. टोळीनं भर रस्त्यात त्याचा हात मोडला. पाहिलं अनेकांनी, साक्षीला तयार झाल्या एकट्या बाई. खटल्याआधी भाऊबीज आली. जामिनावर सुटलेला म्होरक्या पाटावर बसला आणि बाईंच्या दाराकडे बघत म्हणाला, "बाई, या की. दादाला ओवाळायचं नाही का?"

आई कुजबुजली, "बाई, ओवाळा नि मोकळ्या व्हा. एकट्या राहता तुम्ही."

बाई रिकाम्या हातांनी दारात आल्या. "माझा भाऊ नागपूरला असतो. तुम्हाला मी कोर्टात भेटेन."

"शाळेची वाट लांब आहे, बाई."

"रोज चालते मी."

कल्याणच्या कोर्टात म्होरक्याच्या वकिलानं विचारलं, "दादांना ओळखता?"

"आरोपीला ओळखते," बाई म्हणाल्या, आणि पाहिलेलं सगळं सांगितलं.

टोळीतल्या दोघांना शिक्षा झाली, म्होरक्या सुटला. घरमालकानं बाईंना खोली सोडायला लावली. त्या ठाण्याला गेल्या, तिथे पुन्हा शिकवू लागल्या.

पुढच्या भाऊबीजेला त्यानं पाट मांडला तेव्हा आईनं दाराला आतून कडी लावली. थोड्या वेळानं शेजारच्या कडीचा आवाज आला. मग पलीकडच्या. तो बसून बसून उठला.

बाई नाहीत, चाळही नाही. शब्द आहे, चौकाचौकातल्या फलकांवर मोठ्या अक्षरांत. आपल्या घरात मात्र अजून तो फक्त भावालाच म्हणतात.