होळीत गेलेला लांडगा

भारतभावजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि उरलेला जीव लांडगामाणसावर टाकायचे. लग्न त्यांनी केलंच नाही. नाशिक रोडला थोरल्या भावाच्या घरात, दिवाणाखालच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा सगळा संसार: जुनी कॉमिक्स, सिनेमांची पोस्टरं, कात्रणं.

प्रतिभावहिनी दुपारी वाती वळायला बसली की ते शेजारी बसून पुतणीला, निकिताला, सांगत. फार पूर्वी लांडगामाणूस हा देवाचा शाप लागलेला राजा होता. मग गावोगावचे लोक त्याला सैतानाचा साथीदार म्हणून जाळायला लागले. सिनेमात आला तेव्हा बिचारा झाला. पौर्णिमेला अंगावर केस उगवायचे आणि सकाळी आपल्याच हातांकडे बघून रडायचा. कॉमिक्सवाल्यांनी त्याला भुतांशी लढायला लावलं. आता म्हणे तो कॉलेजात जातो, पोरी त्याच्यावर मरतात. प्रतिभाला हसू यायचं, पण ते ती पदराआड ठेवायची.

माघी पौर्णिमेला घरी सत्यनारायण होता. आरती संपून सगळे हात जोडून उभे, तेवढ्यात निकिताने मान वर करून लांबलचक "ऊऽऽ" काढला. शेजारच्या मालनबाई प्रसाद घेता घेता हळूच म्हणाल्या, देवाच्या घरात असली लांडग्याची चित्रं ठेवू नयेत बाई. ते प्रतिभाच्या मनात रुतून बसलं.

होळीला भावजी निफाडला पाटी रंगवायला गेले होते. गल्लीतली पोरं लाकडं मागायला आली. तिने लाकडांबरोबर पेटीही रिकामी करून दिली. इडापीडा जाते तिथे हेही जाऊ दे, म्हणाली, आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून घरी आली.

भावजींनी पेटी उघडली तेव्हा आरडाओरडा केला नाही. चित्रं शाळेत नेऊन मिरवायची खोड निकिताची, म्हणून तिलाच विचारलं. ती नाही नाही म्हणत राहिली. खोटं बोलतेस, म्हणाले, आणि तिच्याशी बोलणं टाकलं. प्रतिभाने तोंडाशी आलेलं गिळलं. सकाळी देवापुढे स्तोत्राची ओळ चुकली. पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच चुकली. मागे पोर भरल्या ताटावरून उठली.

प्रतिभा तशीच ओसरीवर गेली.

"भावजी, पोरीने नाही. मी टाकलं. होळीत."

ते ब्रश पुसत होते, पुसतच राहिले. "मी हाताने काढलेलंसुद्धा?"

त्यांनी स्वतःची एक चित्रकथा रचली होती, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिने मान खाली घातली.

"नैवेद्य दाखवला होता ना, वहिनी?"

"पुरणपोळीचा."

"मग झालं. लांडग्याला आजवर कुणी पुरणपोळी घातली नव्हती."

हसले मात्र नाहीत. आत जाऊन निकिताला जवळ घेतलं, तिची माफी मागितली.

आता निकिता गोष्ट मागते तेव्हा ते म्हणतात, आईला विचार, तिने सगळं ऐकलंय. प्रतिभा सांगते. गाव त्याला जाळतं तिथे तिचा आवाज खाली जातो. मग पोर विचारते, काकांनी स्वतः काढलेला लांडगा कसा होता? प्रतिभा भावजींकडे बघते. ते चपला घालून कामाला निघतात. तिने ती पानं उघडूनसुद्धा बघितली नव्हती.