नाबोराचं न पडलेलं झाड

नाबोरा माझी चुलतबहीण. मडकी घडवायची, बाजारात नेऊन विकायची. बोलायची ती फक्त आमची डोंगरातली मिहे बोली. स्पॅनिशमधला एकच शब्द तिला यायचा, ‘सी’, म्हणजे हो.

एकदा ओआहाका शहराला जाताना बसमध्ये शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवर गाठोडं ठेवलं आणि ती मधेच उतरून गेली. पुढं शिपायांनी गाडी अडवली. गाठोड्यात गांजा निघाला.

“तुझंच का हे?”

“सी.”

न्यायाधीशासमोरही तेच. झालं, तुरुंगाचं दार लागलं.

आत ती रोज झोपेत गावी यायची. फाटकं ढकलायची, चुलींपाशी बसायची, धुक्यातून झऱ्यावर जायची. जागेपणी कुणाशी बोलणार? अशी कितीतरी वर्षं गेली.

गरीब कैद्यांचे खटले फुकट लढवणारी मिरेया वकीलबाई शेवटी तिच्यापर्यंत पोचली. सोबत आमच्याच डोंगरातला ओदिलोन मास्तर होता. त्यानं गजांतून मिहेत हाक मारली. नाबोरानं डोळे चोळले. हेही झोपेतलंच, असं तिला वाटलं.

“ताई, खराच आहे मी. हात लावून बघ हवं तर.”

तिनं हात लावला, आणि मग संध्याकाळपर्यंत ती बोलतच राहिली.

“या बाईला तिला कळेल अशा भाषेत कुणी काही विचारलंच नाही,” मिरेयानं वरच्या कोर्टात मांडलं. नाबोरा सुटली.

गावात आली, पण चालायची अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. देवळाच्या वळणावर तर उगाचच वळसा घालायची. तिथं वाटेत उभा असलेला जुना ओक वृक्ष ती आत असतानाच वादळात पडला होता.

“तुरुंगात नाच शिकवतात वाटतं!” एउलोखिया म्हातारी हसली. तुरुंगातून आलेली म्हणून तिची मडकी कुणी घेईना.

“अगं, झाड पडलं ते,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे गं. माझ्या झोपेतलं नाही पडलं अजून.”

मग मीही तिच्याबरोबर वळसा घालू लागले.

आमच्याकडे ज्याच्या वाट्याला गावकीचं काम येतं, तोच गावातला. सभेत ओदिलोन उभा राहिला. “हिलाही काम द्या.” सरपंच गाउदेन्सिओनं सणाचा स्वयंपाक तिच्यावर सोपवला.

“हिच्या मडक्यातलं मी नाही खाणार,” एउलोखिया फणकारली.

नाबोरा पहिल्यांदाच चारचौघांत बोलली. “नको खाऊस आजी. विस्तव फुंकायला तरी ये. तोंडाला तेवढंच काम.”

सभा खदखदून हसली. म्हातारीही शालीआड हसली. सणाला ती लाकडं घेऊन आली, आणि घेवड्याची वाटी दोनदा भरून घेतली.

आता नाबोरा अधूनमधून मिरेयाबरोबर बायकांच्या तुरुंगात जाते. डोंगरातल्या मुक्या बसलेल्या बाया तिथं असतात. खटल्याचं ती लगेच काढत नाही. आधी शेजारी बसते, हलकेच मिहेत सांगते, “काल धुकं पार अंगणात उतरलं होतं. कोंबड्यासुद्धा दिसेनात.”

बाया डोळे मिटून ऐकतात. मग एखादी हळूच विचारते, “आणि मक्याला कणसं धरली का गं?”