पेशंटला बाहेर बसवा

"तुम्ही जरा बाहेर बसा. घरचं मोठं माणूस कोण आलंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता विचारलं. सोबत माझा धाकटा भाऊ गोट्या होता. मी सव्वीस वर्षांची, धरणगावच्या एका छापखान्यात कामाला. घर माझ्या पगारावर चालतं. गोट्या कॉलेजात शिकतो. तो उठून उभा राहिला. "मी आहे सर."

तो मोठा. मी बाहेर.

जळगावचं खासगी हॉस्पिटल होतं. तपासणीचा रिपोर्ट आला होता. केबिनच्या दाराला धुरकट काच होती. आत दोन आकृत्या दिसत होत्या. डॉक्टरांचा हात त्यांच्या स्वतःच्या छातीवरून फिरला. गोट्याची मान खाली गेली. माझ्या छातीबद्दल दोन पुरुष बोलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं. एवढं काय बोलतायत? साधं असतं तर एवढा वेळ लागला असता का?

गोट्या बाहेर आला तो लाल डोळ्यांनी, फरशीकडे बघत.

"साधी गाठ शे अक्का. काढी टाकतीन."

"मग रडलास कशाला?"

"धूळ गयी डोळामा."

दवाखान्यात कसली धूळ? पण मी पुढे विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

घरी माय शेजारणींना सांगू लागली, "काखमा गाठ शे पोरले." गाठ छातीत होती. मायनं ती काखेत सरकवली. छाती हा शब्द आमच्या घरात कोणी तोंडातून काढला नाही. मीही नाही. छापखान्यात मोर्च्यांची पत्रकं मी अक्षर-अक्षर जुळवते. अंगणवाडीच्या बायांच्या मागण्या, पाण्यासाठीचं निवेदन. लहानपणी बाबा सभेतून पत्रकं आणायचे आणि ओसरीवर उभं करून मला मोठ्यानं वाचायला लावायचे. दुसऱ्यांच्या हक्काचे शब्द मला पाठ. स्वतःच्या अंगाचा एक शब्द मला येत नव्हता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भरती झाले. एक सिस्टर पेन घेऊन आली. खूण करायची होती.

"डावा ना?"

"हो. डावीकडची गाठ."

"गाठ नाही गं. पूर्ण काढायचाय." पेन हवेतच थांबलं. "तुला सांगितलं नाही कोणी?"

माझे कान बंद झाले. सिस्टरचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. उद्या मी शुद्धीवर आले असते. हात छातीकडे गेला असता आणि तिथं सपाट पट्टी लागली असती. तेव्हा मला कळलं असतं. हाताला आधी. कानाला नंतर.

"माझं नाव घेऊ नको हं," म्हणून ती निघून गेली.

गोट्या चहा घेऊन आला. मी त्याचं मनगट धरलं. "गोट्या, खरं सांग. काय काढनार शेतस?"

त्याच्या हातातला चहा सांडला. "माले तोंडच नही व्हतं अक्का. सर बोलनात, तिले सांगू नको, भ्याई जाई."

"मायले माहीत शे?"

"शे. मामाले बी."

मामा पहूरला असतात. म्हणजे धरणगावपासून पहूरपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. जिचं अंग कापायचं, ती सोडून.

डॉक्टर राउंडला आले. माझ्या पलंगाशी उभं राहून त्यांनी गोट्याला विचारलं, "काय म्हणतो पेशंट?"

"पेशंट इथे आहे सर," मी म्हणाले. "मला कॅन्सर आहे का?"

"अगं, तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं."

"घाबरलेच आहे. आता सांगा."

मागं उभा असलेला ज्युनिअर हसला. डॉक्टर म्हणाले, "लग्न व्हायचंय ना तुझं? घरचे तुझ्या भल्याचाच विचार करतायत. ऑपरेशन झाल्यावर कळलंच असतं."

कळलंच असतं! जनावराला तरी वेगळं काय करतात?

"उद्या मी येणार नाही. मला आधी सगळं सांगा. नाहीतर जो सांगेल त्याच्याकडे जाते."

"उशीर झाला तर जबाबदारी तुझी."

आजार पसरत असेल का? मी माझ्या हातानं मरण ओढवून घेतेय का? हे सगळं डोक्यात होतं. तरी मी बोलले. "माझी ना? मग मला का नाही सांगितलं?"

ते पुढच्या पलंगाकडे वळले.

रिपोर्ट घेऊन सकाळच्या एसटीनं गोट्या आणि मी धुळ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. "स्तनाचा कॅन्सर आहे," त्या सरळ म्हणाल्या. मी रडले. त्या थांबल्या आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. स्तन वाचवता येणार नाही, का येणार नाही. हात सुजू शकतो, त्याचे व्यायाम कोणते. केस जातील, परत येतील. मूल हवं असेल तर औषधं सुरू व्हायच्या आधी बोलायचं. "आणि दुखणं सोसायचं नसतं, सांगायचं असतं," त्या म्हणाल्या. भीती कमी झाली नाही. पण कशाची भीती, ते कळलं.

मी हो म्हणाले. स्तन गेला तो गेलाच. पण हो मी म्हणाले होते.

माय अजून म्हणते, "लोकेसले सांगू नको वं. तुन्हं लगीन बाकी शे." मी सांगते. बाजारात विचारलं तर बाजारात सांगते. मला पाहायला आलेल्यांना चहाआधी सांगितलं. ते उठून गेले. जाऊ देत.

सोमवारी पुन्हा तपासणी आहे. रिपोर्ट वाईट आला तर पुढं काय, हे मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलंय. औषधं लागू पडेनाशी झाली तर दुखण्यावर काय देतील, कुठं मिळेल, घरी राहता येईल का, हेही. उत्तरं शेवटपर्यंत ऐकली.

गोट्याला सांगून ठेवलंय, यायचं तर ये, शेजारी बस. डॉक्टर तुझ्याकडे बघून बोलायला लागले तर गप्प राहा. आधी मी ऐकणार. बरं असो, वाईट असो. आधी मी.