बोटवाल्या काकांची भिंत

बांधकामावर त्यांना सगळे बोटवाले काका म्हणत. क्रेनखाली उभं राहून वरच्या ऑपरेटरला हातांनी खुणा करायच्या, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं केलं. तर्जनी वर करून गोल फिरवली की लोखंड वर जाई. तिच्यावर दुसरा तळहात धरला की तेच लोखंड मुंगीच्या पावलांनी चढे. दोन्ही हात फाकवले की सगळं जागच्या जागी. एरवी काका खांबासारखे उभे. आपण खाली नाक खाजवलं तर वरचा गोंधळतो, असं ते नव्यांना बजावत.

घरीही तीच तऱ्हा. पाणी हवं तरी बोट. मी काय तुमची क्रेन आहे, असं बायको विचारी. मुलगी मात्र त्या खुणा वाचतच मोठी झाली.

पुढे तिने एक भिंत केली. समोर माणूस हलला की कॅमेरा ते टिपे आणि त्याच क्षणी भिंतीवर प्रकाशाच्या रेषा उगवत. एकदा उगवलेलं चित्र पुन्हा येत नसे. प्रदर्शनाच्या दालनाने भिंत आठवडाभर लावून बघितली. ठेवायची की उतरवायची, हे शेवटच्या दुपारी ठरणार होतं. त्या दुपारी काका भिंत बघायला दालनात गेले.

लोक उड्या मारत होते, हात झाडत होते. भिंतीवर नुसता राखाडी चिखल. दालन सांभाळणाऱ्या बाई मुलीला समजावत होत्या, की लोकांना काही दिसतच नाही, मग जागा कशाला अडवायची. मुलगी खाली बघत होती.

काकांना राहवेना. इतकी माणसं एकदम खुणा करताहेत, अशाने ओझं कुणाच्या तरी डोक्यात पडायचं. ते पुढे झाले आणि दोन्ही हात फाकवले.

माणसं थबकली. भिंतही थबकली. चिखल खाली बसला.

मग काकांच्या लक्षात आलं, इथे क्रेन नाही. ते ओशाळले. हात खाली घेणार, तोच मुलगी म्हणाली, "बाबा, उचला. हळू."

काकांनी बोट वर केलं, त्यावर तळहात धरला, बोट फिरवलं. जमिनीलगत एक निळी रेघ उगवली. चढत गेली, तिला फांद्या फुटल्या, छतापाशी पोचली. काकांनी बोट थांबवलं. ती तिथेच तरंगत राहिली.

बाईंनी मुलीला विचारलं, हे यांनाच कसं जमलं. ती म्हणाली, "भिंतीला मी यांच्याच हातांच्या खुणा शिकवल्यात."

मग बाई स्वतः भिंतीसमोर उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना दोनदा टोकलं. "कोपर हलवू नका, बाई. फक्त बोट." तिसऱ्यांदा बाईंची रेघ चढली, हिरवी. भिंत राहिली.

घरी बायकोने काय झालं विचारलं. काकांनी छताकडे बोट केलं. तोंडाने सांगा, ती म्हणाली. काका सांगू लागले. निळी रेघ, फांद्या, बाईंचं कोपर, पोरीचा चेहरा, पुन्हा निळी रेघ. ताटातलं निवलं तरी थांबेनात.

शेवटी बायकोनेच दोन्ही हात फाकवले.