चाचांच्या भट्टीचा मीटर

ड्रमला भोक पाडायला हबीब चाचा तयार नव्हते. मी ड्रिल मशीन हातात धरून उभा, आणि ते भट्टीसमोर स्टूल टाकून असे बसलेले, की भोक पाडायचंच तर आधी त्यांनाच पाडावं लागलं असतं.

"साहेब, तुमचे मीटर राइस मिलमधी लावा. ही कॉफी आहे. मी हिले आजपावतो नाकानं भाजून राह्यलो."

चाचांचा मुलगा सलीम माझ्यामागे उभा होता. बोलावणं त्याचंच. तो हळूच म्हणाला, "तुम्ही मनावर घेऊ नका साहेब. लावून टाका."

माझं चंद्रपुरात तापमान मोजायच्या यंत्रांचं छोटं वर्कशॉप होतं. गोंडपिपरी, मूल या गावांकडच्या राइस मिलचे ड्रायर, एखाद्या बेकरीची भट्टी, अशी कामं. कॉफीचं हे पहिलंच. आमच्याकडे कॉफी पितं कोण, असं कोणी विचारेल. तर वीज केंद्राच्या आणि कोळसा खाणींच्या कॉलन्यांतली तमिळ, तेलुगू कुटुंबं. त्यांना फिल्टर कॉफीची ताजी पावडर लागायची, आणि ती जटपुरा गेटजवळच्या चाचांच्या दुकानात मिळायची. पुढे दुकान आणि चक्की, मागे अंगणात टिनाच्या शेडखाली भट्टी, आणि अंगणापलीकडे घर.

पण गेल्या काही महिन्यांत गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं होतं. एक घाणा करपलेला निघायचा, पुढचा कच्चा. कॉलनीतल्या एक अम्मा तर पुडा परत आणून गल्ल्यावर ठेवून गेल्या. सलीमचा विचार सरळ होता. मीटर लावायचा, भट्टीवर पगारी माणूस ठेवायचा, अब्बांना घरी आराम द्यायचा. मुलगा वाईट नव्हता. पण ज्याला तो आराम म्हणत होता, त्याला चाचा हकालपट्टी म्हणत होते, आणि म्हणून स्टूल सोडत नव्हते.

मी ड्रिल खाली ठेवलं आणि त्यांच्याशेजारी उकिडवा बसलो.

"चाचा, ड्रमला नाही पाडत भोक. समोरच्या पत्र्याला पाडतो, करंगळीपेक्षा बारीक. नाही पटलं तर बोल्ट मारून बंद करून देतो."

"देसाल ना बंद करून?"

"देतो."

मग ते उठले, पण माझ्यापासून हातभरही लांब गेले नाहीत.

ही भट्टी म्हणजे आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, तोच ड्रम. खाली गॅस पेटतो, मोटर पिंप फिरवते, आत कॉफीच्या बिया उलटसुलट होत भाजतात. पिंप फिरतं, पण त्याच्या तोंडावरचा पत्रा जागेवर असतो. त्या पत्र्यातून आत एक सळई सोडायची. सळईच्या टोकाला दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडलेल्या असतात. सांधा तापला की तारांत अगदी थोडी वीज तयार होते. मीटर ती मोजतो आणि अंशांत दाखवतो. याला थर्मोकपल म्हणतात. नाव मोठं, जीव एवढासा.

खरी अक्कल लागते ती जागा निवडायला. सळई वर बसवली तर ती नुसती गरम हवा मोजते, आणि आकडा बघून माणूस फसतो. टोक सतत बियांत बुडालेलं राहिलं पाहिजे. म्हणून बिया ज्या बाजूला जास्त साचतात, तिथे खालच्या अंगाला मी भोक पाडलं, सळई घट्ट बसवली आणि मीटर तात्पुरता एका खोक्यावर ठेवला. सलीम गॅसचं सिलिंडर आणायला गेला. चाचांनी घाणा टाकला.

काम करताना मोटरची वायर मी बाजूला सारली होती. ती भट्टीच्या गरम पत्र्याला टेकली. प्लास्टिक जळतं तेव्हा काय दर्प येतो ते सांगायला नको. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी नाक दाबून स्विचकडे धावलो.

चाचा त्या वायरीपासून वीतभर अंतरावर, शांतपणे ड्रममध्ये वाकून बघत होते.

"काऊन पळून राह्यले साहेब? काय झालं?"

मी स्विच बंद केला आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. वायरीतून निघणारा काळा धूर त्यांना तेव्हा दिसला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

घरातून चाची तोंडाला पदर लावून धावत आल्या. "क्या जला?" त्यांनी एकदा वायरीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि जागच्या जागी थांबल्या.

चाचा स्टुलावर बसले. "हिवाळ्यात सायकलवरून पडलो होतो साहेब. डोक्याले मार बसला. तवापासून वास काहीच येत नाई. ना अत्तराचा, ना फोडणीचा. डॉक्टर म्हणे, आला तर येईल वास. घरी कोणाले नाई सांगितलं."

"मेरे को मालूम था," चाची म्हणाल्या. "ईद को सेवई जल गई थी. तुम बोले, क्या खुशबू है."

"फिर बोली कायको नहीं?"

"तुम बोले?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. नवराबायकोच्या अशा बोलण्यात तिसऱ्याने असू नये. पण घाणा अर्धवट, वायर जळालेली, आणि सलीम कधीही परत येऊ शकला असता. मी नवी वायर जोडायला घेतली. चाचा माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "सलीमले नका सांगू. त्याले समजलं तर मी या शेडमधी पाहुणा होईन."

पण नुसतं हळहळून कॉफी सुधारत नाही. मीटर आकडा दाखवतो, कोणत्या आकड्याला घाणा उतरवायचा ते सांगत नाही. ते आधी कुणाच्या तरी नाकाने ठरवावं लागतं. मी चाचींना विचारलं, "तुम्हाला ओळखता येईल, चाचा कोणत्या वासावर घाणा उतरवायचे ते?"

"उस खुशबू में मेरी जिंदगी गई भाई," त्या म्हणाल्या, आणि भट्टीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

अर्धवट घाणा फेकून नवा टाकला. बिया तडतडायला लागल्या. चाचांनी आवाजावरून गॅस कमी केला. त्यांचे कान शाबूत होते. चाची डोळे मिटून उभ्या होत्या. एका क्षणी म्हणाल्या, "बस." मीटरवर दोनशे चौदा. दुसऱ्या घाण्याला मी मीटरचं तोंड माझ्याकडे वळवून ठेवलं. पुन्हा "बस". दोनशे तेरा. आकडा जुळवून घ्यायचं असं कॅलिब्रेशन मी मोठमोठ्या मिलमध्येही पाहिलं नव्हतं. तिसरा घाणा चाचांनी एकट्याने, मीटर बघून उतरवला. चाचींनी मूठभर बिया नाकाशी नेल्या, "वही है" म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या रडत होत्या.

सिलिंडरच्या रांगेत दोन तास काढून सलीम आला. थाळीतल्या बिया पाहिल्या, एक दाताखाली फोडली आणि खूश झाला.

"मस्त. आता हा मीटर गल्ल्याजवळ लावा साहेब. मी तिथून लक्ष ठेवीन. भट्टीवर मग कोणीही चालते."

चाचांनी मान खाली घातली. मी पक्कड पिशवीत टाकत म्हणालो, "नाही जमणार. वायर लांबली की आकडा चुकतो. मीटर भट्टीपाशीच लागेल, स्टुलासमोर. शिवाय गॅस कधी कमी करायचा ते आकडा सांगत नाही. ते तडतडण्यावरून कळतं. हात चाचांचाच पाहिजे."

सलीमने वायरीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "मग अब्बाले सोडत नाई म्हणा ना ही भट्टी," तो म्हणाला. पगारी माणसाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्यानंतर चाचा बरीच वर्षं त्या स्टुलावर बसले, अगदी शेवटच्या दुखण्यापर्यंत. घाणा होत आला की ते मीटरकडे बघायचे, मग लांब दांड्याच्या पळीने चार बिया काढून नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मान डोलवायचे. अम्मा पुन्हा यायला लागल्या होत्या. एकदा मी पावडर घ्यायला गेलो, तेव्हा सोबतच्या बाईला त्या सांगत होत्या, असं नाक अख्ख्या चंद्रपुरात नाही. मी माझा पुडा घेतला आणि निघालो.

हे वाचून कोणी स्वतःच्या भट्टीला मीटर लावणार असेल, तर एक सांगून ठेवतो. सळई बियांत बुडलेली ठेवा, हे खरं. गॅसचा अंदाज कानाने घ्या, हेही खरं. पण वायर लांबली की आकडा चुकतो, हे मी सलीमला सांगितलेलं धरून चालू नका. योग्य वायर वापरली असती, तर तो मीटर गल्ल्याजवळ काय, जटपुरा गेटावरही लावता आला असता.