तात्यांचं तरट

पोस्टकार्ड आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. कोऱ्हाळ्याहून आलेलं, तात्यांच्या सूनबाईंच्या अक्षरात चार ओळी. तात्या चार दिवसांच्या तापानं गेले, रविवारी पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांतलं दिवसकार्य, आहे. अशी चिठ्ठी वाचली की फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत. आमचा शिपाई म्हणालाच, "मावशी, फाडा ती. ठिवू नगा." मी फाडली नाही, मिठाच्या डब्याखाली सरकवली. मला इथं कोणाचं पत्र येत नाही. इतक्या वर्षांत एक आलं, तेही फाडायचं म्हणजे...

मी काही लिहिणारी बाई नाही. सहावीत शाळा सुटली. माझं गाव किनवटच्या पलीकडं, इथून एक रात्र आणि एक दिवस लागतो जायला. नवरा साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला, त्याच्यामागं मी इकडं आले. तो तीन वर्षांत वारला. माहेरी कोण उरलं नव्हतं, तेव्हा इंदापूरच्या बाजूला मुलामुलींच्या निरीक्षणगृहात स्वयंपाकाला राहिले. लोक त्याला रिमांड होम म्हणतात. चोरी केलेली पोरं आणि हरवलेली पोरं एकाच पंगतीत जेवतात तिथं. ही नोकरी जाईल म्हणून मी कायम भीत आले. अधीक्षक साहेबांनी नुसतं "शांताबाई" म्हटलं तरी मला वाटायचं, आज काढणार. आज पेपरच्या पुरवणीला लिहितेय, तेसुद्धा तीनदा फाडून चौथ्यांदा.

नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. साहेबांनी सांगितलं की मुलांना न्याय मिळावा म्हणून सरकारनं देशभरासाठी एक धोरण आखलंय, ते खाली पोचलं का याचं मूल्यमापन करायला माणूस येणार आहे. मूल्यमापन म्हणजे काय ते मला कळलं नाही. मला वाटलं, शाळा तपासणी. मग तपासणीला करतात तेच आम्ही केलं. भिंती पुसल्या, पोरांची नखं कापली, आणि लहानग्यांची तयारी माझ्याकडं आली. चार दिवस मी त्यांना घोकून घेतलं. पोटभर जेवण मिळतं का? होय सर. मारत नाहीत ना? होय सर. हे 'होय' उलटं पडतंय हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

आणि आले ते तात्या. बारामतीच्या कोर्टात बेलिफ म्हणून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, सायकलच्या कॅरिअरला फॉर्मांचा गठ्ठा आणि साखरेच्या पोत्याचं घडी घातलेलं तरट. पुण्याच्या एका संस्थेनं बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके त्यांना तपासायला दिले होते. साहेबांनी खुर्ची पुढं केली. तात्या म्हणाले, "खुर्ची ऱ्हाऊ द्या साहेब, पोरं काय खुर्चीवर न्हाईत." तरट अंथरलं, पोरांसमोर मांडी घातली आणि पहिला प्रश्न टाकला. प्रश्न पुरा व्हायच्या आत वीस पोरं ओरडली, होय सर! तात्यांनी दुसरा विचारला. होय सर! तात्यांनी चष्मा काढला, पुसला आणि त्याच आवाजात विचारलं, "तुमाला शिंगं हायेत का रं?"

"होय सर!"

तात्या इतके हसले की पोरंही हसली. मी दाराआड उभी. म्हटलं, गेली नोकरी. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. एकच पोर 'होय सर' म्हणाली नव्हती. मंगली.

मंगली नऊ-दहा वर्षांची. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आई-बापासंगं आलेली. हंगाम संपला, ट्रक भरले, इंदापूरच्या स्टँडवर ती पाणी प्यायला उतरली आणि ट्रक निघून गेला. पोलिसांनी आणून सोडली. कागदावर लिहिलं गेलं : बोलत नाही, पत्ता सांगता येत नाही. त्याला दीड वर्ष होत आलं होतं. तात्या तरट उचलून तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं गुडघ्यात मान घातली. तात्यांनी मला विचारलं, "मावशी, ही बोलत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "नाही हो. मुकी आहे की काय, कोण जाणे."

हे मी म्हटलं. आज कागदावर लिहायला नको वाटतं, पण म्हटलं. कारण मंगली बोलायची. रोज बोलायची, माझ्याशी. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. आमच्या किनवटच्या बाजूला तांडेच तांडे, सरपण गोळा करताना तांड्यातल्या मैत्रिणींकडून ती बोली लहानपणीच माझ्या तोंडात बसलेली. या मुलखात ती समजणारं दुसरं कोणी नव्हतं. चुलीपाशी बसून ती मला तांड्याचं नाव सांगायची, बाजाराचं गाव सांगायची, बापाचं नाव, बकरीचं नाव सांगायची. सुरुवातीला साहेबांना सांगायला मी गेले होते, ते घाईत होते, म्हणाले, "तुम्ही स्वयंपाक बघा." ते निमित्त मला पुरलं. दुसऱ्यांदा मी गेलेच नाही. भीती होती, ते खरं आहे. पण खरं कारण त्याहून वेगळं आहे. नवरा गेल्यापासून माझ्याशी माझ्या गावच्या मातीतलं कोणी बोललं नव्हतं. मंगली गेली असती तर मी पुन्हा मुकी झाले असते.

त्या दिवशी तात्या निघताना मंगली ताट घेऊन आली आणि मला म्हणाली, "याडी..." म्हणजे आई. तात्यांनी ऐकलं. सायकल काढली आणि गेले.

आठ दिवसांनी पुन्हा आले ते थेट स्वयंपाकघरात. तरट अंथरलं आणि माझ्यापुढचा लसूण सोलायला घेतला. फॉर्म पिशवीतच. बराच वेळ नुसता लसूण. मग आपल्या नोकरीचं सांगू लागले. "समन्स घिऊन गेलं की दार उघडणारा आधी म्हणतो, ते घरात न्हाईत. आमच्यातले काही भांडायचे. मी ओट्यावर बसायचो. जरा येळानं आतनं च्या यायचा, आन् च्याच्या मागनं माणूस."

मी उठले, चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी सगळं सांगितलं. तांड्याचं नाव, बाजार, बाप, बकरी. तात्यांनी तेव्हा फॉर्म काढला. सगळं लिहून झाल्यावर एक रकाना राहिला, माहिती देणाऱ्याचं मुलीशी नातं. मी म्हटलं, "काहीच नाही तात्या, मी कोण तिची?" तात्या पेन धरून थांबले. मग लिहिलं : जेवू घालते.

"आता माझी नोकरी?" मी विचारलं.

"ते मला न्हाय विचारलेलं फॉर्ममंदी," तात्या म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

तात्यांनी बालकल्याण मंडळाकडं किती खेपा घातल्या ते मला ठाऊक नाही. दीड महिन्यानं मंगलीचा बाप आला. दारात उभं राहून रडत होता. वर्षापूर्वी तो चौकीवर येऊन गेला होता म्हणे. माझी पोर लई बोलते, असं त्यानं सांगितलं, आणि त्याला उत्तर मिळालं, रिमांड होममध्ये एक मुकी आहे फक्त. तो हे सांगत होता तेव्हा मी तिथंच उभी होते. मंगली नवी रिबीन बांधून गेली, फाटकापाशी मागं वळूनही पाहिलं नाही तिनं. पाहायचं कशाला? घरी चालली होती. दुपारी तात्या आले, तरटावर बसले. जाताना तरटाची घडी घालून त्यांनी माझ्या चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या. मी येनारच हाय."

आणि येत राहिले, दोन-तीन महिन्यांनी एकदा, शेवटपर्यंत, सहा वर्षं. एकदा छापील अहवाल घेऊन आले. जाडजूड. त्यात इंदापूर एका ओळीत होतं. तात्यांनी बोट फिरवत शोधलं आणि म्हणाले, "शांताबाई, आपली मंगली 'इतर'मंदी हाय बगा." मी विचारलं, मग ते धोरण चांगलं का वाईट? तात्यांनी विचार केला. "लिवलंय चांगलं. पर पोरगी काय बोलती ते कळायला हितं एक बाई लागली, आन् तिलाबी दीड वरीस लागलं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच तो अजून बोचतो.

पुण्यानुमोदनाला मी कोऱ्हाळ्याला गेले. जाताना तरट पिशवीत घेतलं होतं, घरच्यांना परत द्यावं म्हणून. तात्यांच्या फोटोपुढं मेणबत्ती, पांढऱ्या कपड्यातली माणसं, वंदना चाललेली. दाराशी एका पाहुण्यानं विचारलं, "तुमी तात्यांच्या कोन?" म्हटलं, इंदापूरची. तो बरं म्हणाला. मी मागं भिंतीशी बसले. पुढं कोणी म्हणत होतं, तात्यांचं ते तरट कुठं गेलं कळंना, त्यावर बसूनच पेपर वाचायचे. पिशवी माझ्या मांडीवर होती... मी उठले नाही. शेवटच्या एसटीनं पिशवीसकट परत आले.

सूनबाई, तुम्ही ही पुरवणी वाचता असं तात्या सांगायचे. तरट माझ्याकडं आहे. चुलीशेजारच्या खिळ्याला आहे, कारखान्याची निळी अक्षरं निम्मी पुसलीत, एका कोपऱ्याला मी टाका घातलाय. ते तुमचं आहे, घेऊन जा. पण आल्या आल्या मागू नका. जरा वेळ बसा, लसूण सोला. मी चहा ठेवते.