हलू नका म्हणणारे खालचे काका

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या ज्या पट्ट्यात घरोघरची चूल लोखंडाच्या जिवावर पेटते, तिथे लोखंडाला वचकून राहणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आपल्या पुनावळ्याच्या घराखालीच राहतो. तुम्ही मुलं परदेशी गेल्यावर हे काका इथे आले, म्हणून तुम्हांला ठाऊक नाहीत. पन्नाशीचे असतील, मूळचे निघोज्याचे. चाकणकडच्या एका प्रयोगशाळेत जिवंत उंदरांच्या मेंदूचा एमआरआय काढणं हे त्यांचं काम. मशीनचा चुंबक इतका जबर, की खिशातली टाचणीसुद्धा गोळीसारखी सुटून नळीत जाईल. त्या धाकाने काकांनी लोखंड आयुष्यातूनच हद्दपार केलं आहे. कमरेला पट्टा नाही, नाडी. मनगटाला घड्याळ नाही. शर्टाला लाकडी बटणं. माझ्याकडे चहाला येतानासुद्धा किल्ल्या दाराबाहेर चपलांच्या कपाटावर ठेवतात. "काकू, सवय मोडली की संपलं," म्हणतात. त्यांच्या आई सोसायटीभर सांगत असतात, "समद्यांची पोरं कंपनीत गेली, आमचं उंदराच्या डोस्क्यात गेलं."

हलणाऱ्या माणसाचा त्यांना भारी तिटकारा. उंदीर जरासा हलला तरी चित्र धुरकट होतं, म्हणून त्याला भूल देऊन, खाली कोमट पाण्याची गादी घालून, डोकं चिकटपट्टीने घट्ट बसवावं लागतं. हे शास्त्र त्यांनी गणपतीतल्या सोसायटीच्या फोटोलाही लावलं. "हलू नका. श्वास सावकाश. चेअरमन, मान." शेवटी चेअरमनच्या पायाला मुंग्या आल्या. "राव, फोटो काढताय का भूल देताय?" ते म्हणाले. फोटो मात्र असा निघाला, की माझ्या साडीच्या काठावरचा तेलाचा थेंब आजही सगळ्यांना दिसतो.

हा आटापिटा कशासाठी, ते त्यांनी मला एकदा समजावलं. पूर्वी मेंदू आतून पाहायचा तर उंदीर मारून, मेंदूच्या पातळ चकत्या कापाव्या लागत. आता तोच उंदीर तरुणपणी पाहता येतो, म्हातारपणी पाहता येतो, आणि मधल्या काळात तो आपला पिंजऱ्यात दाणे खात बसतो. "मारल्याशिवाय बघता येतं, काकू. चित्र पुरेसं स्वच्छ निघालं, की सुरी लागणारच नाही." म्हणून ते वर्षानुवर्षं चित्र अधिकाधिक लख्ख करत राहिले. तपासणी झाली की उंदीर शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यापाशी बसायचे, आणि कंपनीची बस चुकवायचे.

यंदा चित्र इतकं लख्ख निघालं, की म्हाताऱ्या उंदरांच्या मेंदूत एक बारीक डाग दिसू लागला. प्रयोगशाळेचे साहेब खूश झाले. डाग कशाचा ते कळावं म्हणून डागाचे उंदीर कापायचे, बिनडागाचे पुढच्या तपासणीला ठेवायचे, असं ठरलं. काका भांडले, तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्याच चित्रामुळे तर कळलं. क्रेडिट तुमचं." असल्या क्रेडिटचं करायचं काय, ते साहेबांनी सांगितलं नाही.

शेवटचा उंदीर तपासला, त्या दिवशी काका कामावरून थेट माझ्याकडे आले आणि मी दिलेला चहा त्यांनी बाजूला सारला.

"पट्टी ढिली ठेवायची, एवढंच होतं," ते म्हणाले. "चित्र धुरकट आलं असतं. डाग दिसला नसता."

"मग?"

"मशीनपर्यंत ठरवून गेलो. आणि घट्टच बसवली."

"का पण?" मला राग आला होता, आणि मी तो लपवला नाही.

"एक चित्र मुद्दाम बिघडवलं, तर बाकीच्यांवर मीच कसा विश्वास ठेवू? मग त्या जिवांना इतकी वर्षं भूल तरी कशाला दिली?"

डाग होता. शुद्धीवर आणायची गरज नाही, असं साहेब म्हणाले, आणि तो उंदीर तसाच झोपेत कापायला नेला.

तुम्ही म्हणाल, उंदीरच तो. आपल्या पार्किंगमध्ये दर महिन्याला उंदरांना विष घालतात, आणि त्या ठरावाला मी हात वर केला होता. त्यामुळे काकांना धीर देण्याचा अधिकार मला नव्हता. चहा निवला, तो मी ओतून टाकला.

दिवेलागणीला त्यांच्या आईंना भाजी द्यायला खाली गेले. आईंचे हात आता थरथरतात, म्हणून काका त्यांना भात भरवत होते. आईंनी रोजच्यासारखं विचारलं, "जागी झाली का रं समदी उंदरं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"व्हय, झाली," ते म्हणाले, आणि पुढचा घास कालवू लागले.